उम्म यूसुफची थकबाकी

विळीवर भेंडी चिरणारा अख्तरुन्निसाचा हात थांबला. फाटकातून निळ्या कपड्यांतला एक माणूस आत आला, त्यानं खांद्यावरची शिडी भिंतीला टेकवली आणि पिशवीतून पक्कड काढून, वर चढून तो सरळ विजेच्या मीटरची पेटी उघडू लागला. घर आपल्याच बापाचं असल्यासारखा.

"ए भाय, क्या करता है?"

"लाइट काटने का है, माजी," तो मागं न वळता म्हणाला. एवढ्यात त्याचा फोन वाजला. "अगं, कामावर आहे मी. ताप उतरत नसेल तर ने त्याला डॉक्टरकडं. बरं, ठेव."

अख्तरुन्निसा विळी आडवी करून उठली. "आपल्याकडचाच की रे तू! मग माझ्यासमोर हिंदी कशाला फाडतोस? कुठला?"

माणूस वळला. चोरी पकडली गेल्यासारखं हसला. "रोह्याचा. गणपत नाव. तुम्ही, चाची?"

"रत्नागिरी. आता सांग, लाइट कशापायी तोडतोस?"

गणपत शिडीवरून खाली उतरला. "थकबाकी, चाची. लाइट, पाणी आणि म्युनिसिपालिटीचा कर, इथं सगळं एकाच बिलात येतं. आख्खा उन्हाळा गेला, कुणी काही भरलेलं नाय. दोनदा नोटीस लावली मी ह्याच फाटकावर."

"आणि आम्ही दर महिन्याला देतो ते? भाड्यातच धरलंय ना सगळं. यूसुफ येऊन घेऊन जातो."

"यूसुफ कोण?"

"घरमालकिणीचा मुलगा..."

बोलता बोलता तिचाच आवाज खाली गेला. गणपतनं पक्कड या हातातून त्या हातात घेतली आणि तो अंगणातल्या लिंबाच्या झाडाकडं बघत राहिला. कळायचं ते दोघांनाही कळलं होतं.

आखातातल्या बुदैया गावातल्या या घराचा वरचा मजला सादनं, तिच्या मुलानं, लग्नानंतर भाड्यानं घेतला होता. खाली घरमालकीण एकटी राहायची. सून इरमचे दिवस भरत आले म्हणून अख्तरुन्निसा रत्नागिरीहून आली, आणि आल्या आठवड्यातच तिची विळी वरच्या स्वयंपाकघरातून खालच्या ओट्यावर उतरली. ती मराठीत बोलायची, म्हातारी अरबीत. मासळीच्या भावापासून गेलेल्या नवऱ्यांच्या खोडींपर्यंत सगळं बोलून व्हायचं, आणि आजवर दोघींपैकी एकीलाही दुभाष्याची गरज वाटली नव्हती.

इथं बाईला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारायची रीत. म्हणून म्हातारी उम्म यूसुफ, म्हणजे यूसुफची आई. दुकानदारापासून मशिदीतल्या इमामापर्यंत सगळे तिला याच नावानं ओळखायचे. मुलगा तेवढा एकच. त्याचा विषय निघाला की म्हातारी हातातली कॉफीची किटली खाली ठेवायची, कारण त्याच्याबद्दल बोलायला तिला दोन्ही हात लागायचे.

आत्ता ती आत नमाज पढत होती.

"नको तोडूस रे बाबा," अख्तरुन्निसा हळू आवाजात म्हणाली. "वर सून भरल्या दिवसांची आहे. आणि ही आतली, हिला बिचारीला काय ठाऊक नाय."

"मला काय समजत नाय का, चाची? पण माझ्या हातात काय आहे? थोडे तरी आत्ता भरलेत तर ऑफिसला फोन करून सांगतो. बाकीच्याला मुदत मिळते."

वरच्या खिडकीत इरम उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "अम्मी, भरते मी फोनवरून," ती म्हणाली. "दवाखान्यासाठी ठेवलेत, त्यातले." एवढं बोलून ती पटकन आत वळली. तिला रडू आवरत नव्हतं आणि सासूला ते दिसू द्यायचं नव्हतं.

तेवढ्यात खालचं दार उघडलं. उम्म यूसुफ डोक्यावरचं काळं वस्त्र सारखं करत बाहेर आली आणि शिडी बघून उंबऱ्यातच थबकली. तिनं गणपतला काहीतरी विचारलं. गणपतचं अरबी कामापुरतं होतं, पण बोलणं तेवढ्यात भागत होतं. उत्तर द्यायच्या आधी त्यानं अख्तरुन्निसाकडं पाहिलं.

"काय म्हणते?"

"म्हणते, तुझी चूक झालीय. माझ्या घराचं बिल माझा मुलगा वेळच्या वेळी भरतो." त्यानं घाम पुसला. "काय सांगू, चाची?"

अख्तरुन्निसाच्या तोंडचं पाणी पळालं. खरं सांगावं तर एका आईच्या तोंडावर तिचा एकुलता एक मुलगा चोर ठरत होता. खोटं सांगावं तर चोर आपण, आणि पैसे बुडवणारा भाडेकरू कोण घरात ठेवून घेतं? आज-उद्या बाळंत होणारी सून घेऊन जायचं कुठं? तिनं एकदा वरच्या रिकाम्या खिडकीकडं पाहिलं आणि ओढणी घट्ट आवळून घेतली.

"सांग, चूक आमची. बिल भरायचं आमच्याकडं होतं, आमच्यानं झालं नाय. यूसुफनं दोनदा आठवण पण करून दिली होती, म्हणावं."

"चाची, तुमचं नाव खराब होईल."

"माझं नाव इथं ओळखतो कोण? हिचं तर नावच त्याच्यावरून आहे. बोल तू."

गणपत बोलला. खाली मान घालून बोलला. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि अख्तरुन्निसाकडं पाहिलं. मग दोन-चार शब्द पुटपुटून ती आत गेली आणि दार लागलं.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, अडचण होती तर मला सांगायचं होतंस."

हे मात्र अख्तरुन्निसाच्या जिव्हारी लागलं. म्हातारीनं शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. पैसे भरल्याचं ऑफिसला कळवून गणपत लाइट न तोडता शिडी उचलून गेला, तरी ती ओट्यावर बसून उरलेली भेंडी चिरत राहिली. डोळे पुसायला दर खेपेला विळीवरून उठावं लागत होतं.

साद संध्याकाळी अस्कर गावातल्या कामावरून आला तो सगळं ऐकून लालबुंद झाला.

"म्हणजे पैसे त्यानं खाल्ले आणि चोर आपण? मी आत्ता खाली जातो. सगळे मेसेज आहेत माझ्या फोनमध्ये, एकेक दाखवतो तिला."

"जा. दाखव." अख्तरुन्निसानं त्याच्या ताटात भाकरी वाढली. "मग रोज तिच्या दारावरून कसा जाणार, ते पण ठरवून ठेव."

साद गाल फुगवून जेवला. आईचं म्हणणं त्याला नेहमी पटायचं, फक्त एक-दोन दिवस उशिरा. या वेळी एक-दोन दिवसांनीही पटलं नाही. इरम दोघांच्या मधून निमूटपणे वावरत होती, आणि बाळासाठी आणलेला पाळणा जोडायचं कुणी नावच काढत नव्हतं.

खालचं दार बंदच राहिलं. विळी परत वर आली. शुक्रवारी यूसुफ नेहमीसारखा आईकडं जेवायला आला. आधी त्याचा मोठा आवाज वर ऐकू आला, मग म्हातारीचा एकच प्रश्न, आणि त्यानंतर यूसुफचा आवाज खालीच गेला. बऱ्याच वेळानं गाडी गेल्याचा आवाज झाला. दर शुक्रवारी वर येणारं मासे-भाताचं ताट त्या दिवशी आलं नाही.

"घर सोडायला सांगणार आता," अख्तरुन्निसा इरमला म्हणाली. "सांगू दे. अल्ला दुसरं बघेल." पण रात्री तिला झोप लागली नाही. आपण दुसऱ्याचा मुलगा झाकायला निघालो आणि आपल्याच मुलाचं छप्पर घालवलं, हे तिला छळत राहिलं.

पहिल्या तारखेला यूसुफ भाडं न्यायला आला. एरवी "यल्ला साद!" अशी हाक घालत पायऱ्या चढणारा हा माणूस आज दारात गुपचूप उभा राहिला. त्याच्या मागून जिन्यात कुणीतरी धापा टाकत असल्याचा आवाज येत होता. कठड्याला धरून, पायरी-पायरीला थांबत उम्म यूसुफ वर येत होती. इतक्या दिवसांत तिनं हा जिना कधी चढला नव्हता. साद धावला, तिला हाताला धरून आणलं आणि खुर्चीवर बसवलं.

घर सोडायलाच सांगणार, अख्तरुन्निसाला वाटलं. असल्या गोष्टी मुलाकरवी नाही, स्वतः सांगायच्या, म्हणून ही आली असणार. तिनं पाणी पुढं केलं. म्हातारीनं ते सगळं पिऊन टाकलं.

सादनं भाड्याचं पाकीट यूसुफपुढं धरलं. मधेच म्हातारीचा हात आला. तिनं पाकीट घेतलं, उघडूनही पाहिलं नाही, आणि शेजारी उभ्या असलेल्या इरमच्या हातात ठेवून तिची मूठ मिटली. मग ती सादशी बोलू लागली; कामामुळं त्याला अरबी येत होतं. आवाज शांत होता. यूसुफ स्वतःच्या बुटांकडं बघत होता.

"काय म्हणते रे?"

साद आईकडं वळला. "म्हणते, या महिन्याचं भाडं नको. तुम्ही बिलात भरलंत त्यात ते फिटलं. पुढच्या महिन्यापासून भाडं घ्यायला ती स्वतः वर येणार, आणि बिलही तीच भरणार." त्यानं यूसुफकडं एकवार पाहिलं. "डॉक्टरांनी तिला जिने चढायला सांगितलंय म्हणे. यूसुफला उगाच खेप कशाला, म्हणते."

अख्तरुन्निसानं म्हातारीच्या सुजलेल्या पावलांकडं पाहिलं. म्हातारीनं अंगावरचा लांब अबाया ओढून ती झाकून घेतली. ती मुलाकडं मुळीच बघत नव्हती. बघत होती ती अख्तरुन्निसाकडं.

"चांगला डॉक्टर आहे, म्हणावं," अख्तरुन्निसा म्हणाली. ती स्वयंपाकघराकडं वळली आणि दारातूनच मागं बघून म्हणाली, "आणि यूसुफला सांग, उभा का राहिलास? बस. चहा टाकते."