बासुंदीच्या पेल्याचा खटला

गणपतीत, प्रसादच्या घरी, चाळीस माणसांदेखत डॉक्टर विनयनं हेमचंद्रकाकांच्या हातातला बासुंदीचा पेला काढून घेतला. वर मोठ्यानं म्हणाला, "हेमू, शुगर दोनशे चाळीस आहे तुझी, यार!" झालं. बोलणं बंद.

अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावच्या तळ्याभोवती बत्तीस वर्षं दोघं रोज सकाळी जोडीनं चालत. आता एक डावीकडून निघे, दुसरा उजवीकडून, आणि समोरासमोर आले की दोघंही आभाळ न्याहाळत. हे काय बघताहेत म्हणून तळ्यावरची रानबदकंही वर बघू लागली, आणि त्या नादात निम्मी दक्षिणेला जायचीच विसरली. खोटं वाटत असेल तर बदकांना विचारा.

काकांना मनातून विनय हवाच होता. पण आधी त्यानं माफी मागावी, एवढंच अडलं होतं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी पोहे खाताना तोड सापडली. त्यांच्या बेसमेंटमध्ये राहणारी आश्लेषा युनिव्हर्सिटीत जुन्या इंग्रजी कायद्यावर रिसर्च करत होती.

"काका, हे ऐका. केंटच्या राजांचा कायदा, साडेतेराशे वर्षांपूर्वीचा. लोक पीत बसले असताना, काही दोष नसलेल्या माणसाचा पेला कुणी काढून घेतला, तर दंड! घरमालकाला एक शिलिंग, पेलेवाल्याला सहा, राजाला बारा."

"घरमालकाला कशाबद्दल?"

"त्याच्या घरात आगळीक झाली ना! म्हणजे घराचाच अपमान."

काकांनी चमचा खाली ठेवला. "प्रसादला फोन लाव. केस करतोय मी."

रविवारी दुपारी प्रसादच्या दिवाणखान्यात कोर्ट भरलं. घर त्याचं, म्हणून न्यायाधीशही तोच. बाहेर गुडघाभर बर्फ, आत कांदाभजी. विनय आला, पण काकांकडे न बघता सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसला.

आश्लेषानं कलम वाचून दाखवलं.

"राजाचे बारा कुणाला द्यायचे?" प्रसादनं विचारलं. "या देशानं राजाला हाकलून अडीचशे वर्षं झाली."

"माझ्याकडे द्या," कांचनकाकू भज्यांची ताटली नवऱ्यापुढे, हेमचंद्रकाकांपुढे धरत म्हणाल्या. "आमच्या घरात राज्य कुणाचं आहे, विचारा यांना."

"आरोपी, काही म्हणायचंय?"

विनयनं कोटाच्या खिशातून स्टीलचा एक पेला काढून टेबलावर ठेवला. "वाचा त्यावरचं नाव."

आश्लेषानं पेला उजेडात धरला. बारीक टिंबाटिंबांनी कोरलं होतं: 'चि. सौ. शरयू हिस, आत्याकडून.'

शरयू म्हणजे विनयची बायको. गणपतीतलं जेवण पॉटलक होतं, म्हणजे जो तो आपला पदार्थ आणि आपापली भांडी घेऊन आला होता.

"अहो," काकू सावकाश म्हणाल्या, "तुमच्या पेल्यात मी ताक दिलं होतं. तो भरलेला पेला मला कुंडीमागे सापडला. मग हा तुमच्या हातात कसा आला?"

काका छताकडे बघू लागले. तळ्यावरची सवय.

"काका," आश्लेषा हसू दाबत म्हणाली, "दोष नसलेला माणूस, असं लिहिलंय हो. पेला आधी तुम्हीच उचललात."

"दंड हेमचंद्रकाकांना!" प्रसादनं झारा आपटला. "मला एक, विनयकाकांना सहा, राणीसरकारांना बारा."

काकांचे कान लाल झाले. माफी मागवून घ्यायला आलेला माणूस आता ती कशी मागायची या पेचात पडला होता. शेवटी ते पुटपुटले, "शिलिंग कुठून आणू? चुकलं माझं, विन्या."

"शिलिंग राहू दे," विनय म्हणाला. "सहा फेऱ्या दे. उद्यापासून."

दुसऱ्या दिवशी दोघं एकाच दिशेनं निघाले. तिसऱ्या फेरीला काकांनी हळूच विचारलं, "त्या बासुंदीचं काय केलंस रे?"

विनयनं मागे कुणी नाही ना, ते पाहिलं. "गॅरेजमध्ये जाऊन प्यायलो. शरयूला सांगू नकोस, माझी दोनशे साठ आहे."

"दोनशे साठ!" काका ओरडले, तशी सगळी बदकं उडाली. "आणखी सहा फेऱ्या. चल!"