गंधारच्या वाट्याचा हॉर्न

आमचा गंधार दीवला कधीही गेलेला नाही. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण तो स्वतः कबूल करणार नाही. त्याला नुसतं विचारून बघा. नागोआचा किनारा कसा वळत जातो, तिथल्या ताडांना झाडांसारख्या फांद्या कशा फुटतात, गेस्ट हाउसचा खानसामा दुपारी व्हरांड्यात कसा घोरायचा, सगळं घडाघडा सांगेल. ऐकणाऱ्याला वाटावं, याचं अर्धं बालपण तिकडेच गेलं. प्रत्यक्षात आम्ही शेवटचं दीवला गेलो, त्यानंतर तीन वर्षांनी हे ध्यान जन्माला आलं.

आम्ही म्हणजे आई, बाबा आणि मी. बाबा श्रीरामपूरजवळच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट होते. गळीत हंगामात त्यांचं घरी येणं म्हणजे आंघोळ, जेवण आणि झोप. कपड्यांना मळीचा वास यायचा, आणि तो वास गेला की समजायचं, हंगाम संपला. मग रजा. बाबांचा एक मित्र गुजरातेत, उन्याच्या बाजूला, अशाच एका कारखान्यात होता. त्याने बोलावलं म्हणून पहिल्यांदा गेलो, आणि पुढे सलग चार उन्हाळे जात राहिलो.

आमच्या गल्लीत तेव्हा लोक उन्हाळ्यात मामाच्या गावाला जायचे, फार तर महाबळेश्वरला. दीव म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट यायची. बाबांच्या प्रयोगशाळेतला पुंजाराम तर दरवर्षी निरोप द्यायला स्टँडवर यायचा आणि म्हणायचा, "सायेब, हवा खायला चाललाय म्हनता, पर तिकडं हवा बाटलीत मिळती म्हनं!" बाबा चहासुद्धा बिनआल्याचा पिणारे. ते लाजून लाल व्हायचे आणि आई पदर तोंडाला लावून हसायची.

प्रवास भयंकर होता. मनमाड, मग मुंबई, मग संपता संपत नसलेली एसटी, मग उन्याहून एक खिळखिळी बस, जिचा हॉर्न सोडून बाकी काही धड नव्हतं. म्हणजे वाजत सगळंच होतं, पण वाजायला हवा होता तो एक हॉर्नच. ती बस खाडी ओलांडून बेटावर शिरली की ड्रायव्हर उगाच लांबलचक हॉर्न द्यायचा, आणि बाबा मला उठवायचे. "मधू, आलं दीव."

आता तिथे म्हणे मोठमोठी रिसॉर्ट झाली आहेत. तेव्हा चार खोल्यांचं गेस्ट हाउस होतं, पण आमच्या लेखी ते रिसॉर्टच, कारण आई तिथे आठ दिवस चुलीसमोर उभी राहायची नाही. खानसामा जे वाढेल ते खायचं, असा तिचा नियम. आमटी गोड असायची. आयुष्यभर साखर तपासणारा माणूस आमटीत साखर आहे म्हणून रुसून बसायचा. आई म्हणायची, "मग परीक्षण करून रिपोर्ट द्या." सुट्टीत आईला अशा गमती सुचायच्या. घरी तिला वेळ नसायचा.

गंगेश्वरला समुद्राच्या कडेला खडकांत शिवलिंगं आहेत. भरतीची लाट आत येते आणि त्यांच्यावरून वाहून जाते. आई पहिल्यांदा तिथे गेली तेव्हा तिने हात जोडून डोळे मिटले, आणि लाटेने तिला कमरेपर्यंत भिजवलं. नवी साडी होती. ती तिथेच खडकावर बसली आणि हसत सुटली. एवढं मनापासून हसताना मी तिला क्वचित पाहिलं आहे.

आणि माझी गोष्ट म्हणजे बाबांचा खांदा. रोज सकाळी बाबा चष्मा काढून आईच्या हातात द्यायचे, मला खांद्यावर बसवायचे आणि छातीभर पाण्यात जायचे. चष्मा काढला की बाबांना समोरचं माणूससुद्धा धड दिसायचं नाही, लाट तर सोडाच. "मधू, बघून सांग हं," म्हणायचे. मी वरून ओरडायची, "बाबा, आली!" की ते उडी मारायचे. माझ्या एका शब्दावर! शाळेत, घरात माझं कोणी फारसं ऐकत नव्हतं, आणि इथे हा एवढा मोठा माणूस मी सांगितलं की उडी मारत होता. आजतागायत मला तेवढं महत्त्वाचं काम कोणी दिलेलं नाही, आणि मी बँकेत मॅनेजर होऊन आता स्वेच्छानिवृत्ती घेण्याच्या बेतात आहे.

पुढे मित्राने नोकरी बदलली, आजी अंथरुणाला खिळली, आणि दीव सुटलं. पण सुटलं ते जायचं. सांगायचं सुटलं नाही. लोडशेडिंगच्या दिवसांत संध्याकाळी लाईट गेली की आम्ही चटया घेऊन गच्चीवर जायचो आणि दीवची गोष्ट सुरू व्हायची. तिचा एक नियम होता. ज्याचा वाटा त्यानेच सांगायचा. प्रवास आणि आमटी बाबांची, गंगेश्वर आईचं, खांदा माझा. दुसऱ्याच्या वाट्यात तोंड घालायचं नाही.

गंधार चार-पाच वर्षांचा झाल्यावर विचारायला लागला, "मी कुठे होतो?" आई म्हणायची, "तू अजून यायचा होतास." यावर तो असं काही भोकाड पसरायचा की शेजारच्या गच्चीवरून विचारणा व्हायची. शेवटी बाबांनी तोडगा काढला. बसचा हॉर्न गंधारने वाजवायचा. झालं! त्या दिवसापासून दोन्ही हात तोंडाशी धरून, गाल फुगवून, जीव खाऊन तो हॉर्न द्यायचा, आणि त्याच्या हॉर्नशिवाय गोष्ट सुरू करायची नाही असा नवा नियम झाला. कॉलेजात गेला, मिशा आल्या, तरी हॉर्न सोडला नाही. मी त्याला फार चिडवलं आहे त्यावरून.

गेल्या मे महिन्यात बाबांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. मी पुण्याहून आदल्या दिवशी दुपारी पोहोचले. बाबा व्हरांड्यात बसले होते. दोन वर्षांपासून त्यांचं विसरणं वाढलंय हे मला ठाऊक होतं. फोनवर मी रोज ऐकतच होते. पण मी पाया पडले तेव्हा ते अदबीने म्हणाले, "बसा ना. चहा घेणार का?"

मला 'बसा' म्हणाले. मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "सकाळी बरे असतात गं." मी बसले आणि चहा घेतला. दुसरं काय करणार?

दिवस कलायला लागला तसे बाबा अस्वस्थ झाले. उठले, बसले, पुन्हा उठले. "भोंगा झाला. माझी शिफ्ट आहे. बूट कुठे ठेवलेत?" आई समजावत होती, गंधारची बायको अपूर्वा समजावत होती, मी समजावत होते, आणि ते आम्हा तिघींवर जास्तच चिडत होते. तेवढ्यात गंधार दुकानातून आला. सुप्याच्या कंपनीतली चांगली नोकरी सोडून त्याने श्रीरामपुरात मोटारपंप दुरुस्तीचं दुकान टाकलं, तेव्हा मी त्याला शहाणपण शिकवलं होतं. हातपाय धुऊन तो सरळ बाबांचा हात धरून जिना चढायला लागला. "चला बाबा, बस लागलीये."

मी थोड्या वेळाने चहा घेऊन वर गेले. जिन्यातच मला हॉर्न ऐकू आला. एकोणचाळीस वर्षांचा बाप्या गाल फुगवून हॉर्न वाजवत होता, आणि बाबा, मघाशी बूट शोधणारे बाबा, चटईवर मांडी घालून खुशीत डुलत होते. मनमाड झालं, मुंबई झाली, आमटी झाली. बाबांना सगळं येत होतं. मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच जिन्यात उभी राहिले. मग बाबा म्हणाले, "आणि समुद्रात गंधार माझ्या खांद्यावर. एवढंसं पोरगं, वरून ओरडायचं, बाबा, आली!"

"हो," गंधार म्हणाला.

चहा मी पायरीवरच ठेवला. मी तशीच खाली उतरले आणि तो स्वयंपाकघरात आल्यावर त्याला गाठलं. "लाज नाही वाटत? तू जन्मलाही नव्हतास! आख्खी गोष्ट घे, पण खांदा माझा आहे."

"मी नाही सांगितलं ताई," तो म्हणाला. "पहिल्यांदा ते असं म्हणाले तेव्हा मी म्हटलं, बाबा, ती ताई होती. तर म्हणाले, कोण ताई?" "मी सांगत बसलो, तर ते घाबरले. उठून बूट शोधायला लागले. मग मी नाही पुन्हा दुरुस्त केलं."

राग त्याच्यावर नव्हताच. बाबांच्या डोक्यातलं एकेक घर रिकामं होतंय हे मी मान्य केलं होतं, पण मला वाटत होतं, तो खांदा राहील. बाकी कुठे नाही, तर तिथे तरी मी असेन. आता तिथेही नव्हते. पन्नाशीची बाई मी, ओट्याशी उभी राहून लहान मुलीसारखी रडले. गंधारने पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हणाला, "उद्या तू वर चल. तुझा वाटा तूच सांग. मी मध्ये बोलणार नाही."

दुसऱ्या दिवशी पूजा छान झाली. बाबा सकाळी खरंच बरे होते. नवं धोतर, उपरणं, औक्षणाच्या वेळी डोळे मिचकावत बसले होते. गुरुजींना म्हणाले, "साखर चांगली आहे प्रसादात, दाणा मोठा आहे." संध्याकाळी पाहुणे पांगले, आणि बाबांचा भोंगा झाला. आम्ही सगळेच वर गेलो. आईसुद्धा, गुडघे धरत धरत.

गंधारने हॉर्न दिला. बाबांनी प्रवास सांगितला, आमटीवर रुसले, आईने आपलं गंगेश्वर सांगितलं आणि पुन्हा हसली. मग बाबांनी चष्मा काढला आणि न बघता आईच्या हातात दिला. आईनेही तो सवयीने पदरात धरला. मी पुढे सरकले. काय बोलायचं ते मी रात्रीच ठरवून ठेवलं होतं.

"गंधार, बस रे वर," बाबा म्हणाले.

"बाबा," गंधार म्हणाला, "वर ताई बसायची ना?"

बाबांचा चेहरा गोंधळला. त्यांनी गंधारकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा हात चटईच्या कडेला चाचपडायला लागला. बूट शोधत होते. मला ते पाहवेना. एवढा सुंदर समुद्र समोर आणून ठेवला होता, आणि माझ्या हट्टापायी माणूस पुन्हा कारखान्यात निघाला होता!

"गंधारच बसलाय बाबा," मी म्हटलं. "बसलाय वर. चला तुम्ही आत."

हात थांबला. बाबांनी श्वास सोडला, डोळे मिटले आणि खांदे किंचित वर उचलले. पाण्यात शिरले असावेत. आता ओरडायचं काम गंधारचं होतं. पण तो गप्प. मी कोपराने ढोसलं, तरी गप्प. मान हलवून नाही म्हणाला. दुसऱ्याच्या वाट्यात तोंड घालायचं नाही. बाबा वाट बघत होते. कपाळाला आठी पडायला लागली. कोणीतरी सांगायलाच हवं होतं.

"बाबा, आली!" मी ओरडले. इतक्या जोरात की खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाने वर पाहिलं.

एक्क्याऐंशी वर्षांचे बाबा चटईवरून चांगले इंचभर उडाले. खाली टेकले आणि हसायला लागले. डोळे मिटलेलेच होते. मग डावा खांदा थोडा खाली करून ते दटावल्यासारखे म्हणाले, "मधू, नुसती ओरडू नकोस. त्याला घट्ट धर. पहिल्यांदाच आलाय तो दीवला."

आईने तोंडाला पदर लावला. गंधार खाली बघत होता. मी त्याचा हात धरला. ग्रीसचा वास असलेला, खरखरीत, माझ्या हातात न मावणारा. मी तो घट्ट धरला, आणि पुढची लाट आम्ही दोघांनी मिळून ओरडून सांगितली.