अडलेला उतारा

गुरुवारी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी नर्सबाईंनी आपलं पवित्र शास्त्र मिटलं, पर्समध्ये ठेवलं आणि पुढच्या आठवड्यापासून आपण येणार नाही असं जाहीर केलं. वाचन झालं होतं, प्रार्थना व्हायची होती.

"तीन महिने," त्या म्हणाल्या. "तीन महिने आणि दोन वचनं. मला ती आता झोपेतही येतात. परवा एका पेशंटचं ब्लडप्रेशर घेताना तोंडातून गेली. तो बिचारा घाबरला. त्याला वाटलं, आता आपलं काही खरं नाही."

लाँड्रीच्या मागच्या खोलीत पाच खुर्च्या होत्या. खोली इस्त्रीची. भिंतीला लागून लांब टेबल, त्यावर वाफेची इस्त्री, आणि डोक्यावर आडव्या नळीला प्लास्टिकच्या पिशव्यांत टांगलेले कपडे. उंच माणूस उभा राहिला की कुणाचा तरी कोट त्याच्या तोंडावर यायचा. अभ्यासवर्गाला हीच जागा मिळाली होती, कारण ती फुकट होती आणि दुकानाची मालकीण वर्गातलीच होती. घरात दोन बहिणींतली ती मोठी, म्हणून इथं तिला थोरली म्हणू. वर्गातले सगळे तिला ताई म्हणत.

वर्ग घेणारे सर गाडी चालवायला शिकवत. तीस वर्षं शिकवणाऱ्याच्या सीटवर बसल्यामुळे त्यांचा उजवा पाय बोलतानाही ब्रेक शोधायचा. वर्गाचा नियम त्यांनी तिथूनच आणला होता. ज्याला गाडी मागे घेता येत नाही त्याला ते हमरस्त्यावर नेत नसत. तसंच, एक उतारा प्रत्येकानं पाळल्याशिवाय वर्ग पुढच्या उताऱ्यावर जाणार नाही. वाचणं वेगळं, पाळणं वेगळं. सुरुवातीला सगळ्यांना हे फार आवडलं होतं.

मग प्रभूने डोंगरावर केलेल्या उपदेशातली ती दोन वचनं आली. माणूस अर्पण घेऊन वेदीपाशी येतो आणि तिथं त्याला आठवतं, की भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे. अर्पण तिथंच ठेवून त्यानं आधी जावं, भावाशी समेट करावा आणि मग परत यावं.

वर्गात नळदुरुस्ती करणारे एक गृहस्थ होते, ते नळवाले पहिल्याच आठवड्यात आपल्या चुलतभावाकडे गेले, दोन कप चहा प्याले आणि येताना त्याचा गळका नळ बसवून आले. नर्सबाईंनी एका जुन्या मैत्रिणीला गाठलं. सरांनी एका विद्यार्थ्याला शोधून काढलं, ज्याला त्यांनी एकदा भर चौकात मठ्ठ म्हटलं होतं. तो आता ट्रक चालवतो. थोरलीच्या सुनेनं आपल्या आईला फोन केला आणि दोघी तासभर रडल्या. राहिली थोरली. गाडी तिच्यापाशी बंद पडली ती पडलीच.

"अहो सर, ही काय गाडी आहे का?" नर्सबाईंनी विचारलं.

"नाही ना. म्हणून तर. गाडी ठोकली तर नुसता पत्रा जातो."

"मी फोन केला होता तिला," थोरली म्हणाली. "तिनं उचलला नाही."

"कधी केलात?" सुनेनं विचारलं. "रविवारी सकाळी दहाला. आई, त्या वेळी त्या उपासनेला असतात. तुम्हाला माहीत आहे."

"तू कुणाच्या बाजूची आहेस गं?"

"पुढच्या उताऱ्याच्या."

नळवाले हसले. थोरलीनं त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी हसू खोकल्यात घातलं.

"मी रोज तिच्यासाठी प्रार्थना करते," ती म्हणाली.

"काय मागता?" नळवाल्यांनी विचारलं.

"तिला सुबुद्धी दे. तिची चूक तिला दिसू दे."

"ताई," नळवाले म्हणाले, "ही प्रार्थना नाही, तक्रार आहे. अशा मला दिवसाला दहा येतात. सगळ्यांचं म्हणणं एकच, गळती शेजाऱ्याकडून आहे."

भांडण सहा वर्षांपूर्वीचं. आई शेवटची तीन वर्षं धाकटीकडे अंथरुणाला खिळून होती. तिला न्हाऊ घालणं, कूस बदलणं, भरवणं, सगळं धाकटीनं केलं. थोरली रविवारी यायची, चादरीला सुरकुती आहे, उशीचा अभ्रा पिवळा पडलाय, असं बोलून जायची. आई गेली तेव्हा धाकटीनं तिला तिचा फिकट निळा सुती झगा घातला. आईनं तो स्वतः सांगून ठेवला होता. शवपेटी बंद करायच्या थोडं आधी थोरली आली, तिनं पाहिलं आणि झगा पाठीशी चुरगळलेला आहे असं म्हणाली. दुकानातून तिनं पांढरा, कडक इस्त्रीचा पोशाख आणला होता. शेजारणींना बाहेर काढून तिनं आईचे कपडे बदलले. धाकटी दाराशी उभी होती. त्यानंतर ती थोरलीशी बोलली नाही. दोन वर्षांनी धाकटीच्या मुलीचं लग्न झालं, त्याचं बोलावणं थोरलीला आलं नाही, आणि थोरलीच्या हिशेबी भांडण तिथून सुरू होत होतं.

"आईला चुरगळलेल्या कपड्यांत पाठवायचं होतं का मी?" ती विचारायची. "लाँड्रीवालीच्या आईला? लोक काय म्हणाले असते?" यावर लोक काय म्हणाले असते हे वर्गात कुणी कधी सांगितलं नाही.

त्या गुरुवारी मात्र नर्सबाईंनी पर्सची चेन ओढली आणि तो आवाज थोरलीला लागला.

"जाते," ती म्हणाली. "उद्या जाते. झालं समाधान?"

शुक्रवारी दुपारी ती गेली. धाकटीचं घर बसनं वीस मिनिटांवर, तिसऱ्या मजल्यावर. धाकटीनं साखळी लावूनच दार उघडलं.

"कोण?"

"मी."

"मी कोण?"

"मी गं, ताई."

"मला ताई आहे होय? बरं झालं सांगितलंस."

तरी साखळी निघाली. थोरली आत गेली आणि बसली. धाकटीनं पाणी आणून ठेवलं. बोलायची पाळी थोरलीची होती. ती खिडकीकडे पाहत राहिली, कारण बहिणीकडे पाहणं अवघड जात होतं, आणि खिडकीला पडदे होते.

"हे गरम पाण्यात धुतलेस का गं?"

धाकटीनं पडद्यांकडे पाहिलं.

"आटलेत. कड बघ कशी वर गेलीय. असलं कापड थंड पाण्यात धुवायचं. माझ्याकडे पाठवायचे होतेस."

चौथ्या मिनिटाला थोरली पुन्हा जिन्यात होती. मागे कडी लागल्याचा आवाज तिनं ऐकला.

पुढच्या गुरुवारी नर्सबाई आल्या. फक्त ऐकायला आलेय, असं दारातच सांगून त्या कडेच्या खुर्चीवर बसल्या आणि पर्स मांडीवरून खाली ठेवली नाही.

"मी गेले होते," थोरली म्हणाली. "पाळलं. घ्या पुढचा उतारा."

सरांचा पाय जमिनीवर दाबला गेला. "काय बोललात?"

"बोलले."

"काय?"

थोरलीनं सांगितलं. मग सुनेनं कपाळावर हात मारला, त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"पडदे!" ती म्हणाली. "आई, पडदे?"

"आटले होते! मी काय खोटं बोलू?"

"देवा," नळवाले छताकडे पाहून म्हणाले, आणि ती प्रार्थनाच होती.

"मी जाऊन आले ना? चूक तिची असून मी गेले. लग्नाला बोलावलं नाही तिनं, आणि जिने चढायचे मी? अजून काय करायचं?"

नर्सबाईंनी पर्स खाली ठेवली आणि शास्त्र काढलं. उतारा पाठ होता, तरी त्यांनी पान उघडून बोट ठेवलं. त्यांचा आवाज चढला नाही. ड्यूटीवर नातेवाईक ऐकत नाहीत तेव्हा त्या अशाच बोलत.

"ताई, तीन महिने तुम्ही चूक कुणाची ते सांगताय. इथं चूक कुणाची ते विचारलेलंच नाही. माझ्या मनात भावाविषयी काय आहे, असंही नाही. भावाच्या मनात माझ्याविषयी काय आहे, एवढंच. तुमच्या बहिणीच्या मनात काय आहे?"

"तेच ते. आईचे कपडे."

"तुम्हाला काय वाटतं ते नको. तिला काय वाटतं?"

थोरलीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. तीन महिन्यांत हे पहिल्यांदा घडत होतं. सरांना ते कळलं नाही. ते आरशात मागचं दिसण्याविषयी काहीतरी सांगू लागले.

"सर," नर्सबाई म्हणाल्या, "आज गाडी नको."

शुक्रवारी थोरलीनं नेहमीसारखे शर्ट इस्त्रीला घेतले. कॉलर, मग बाह्या, मग पाठ. दुपारी सून आत आली तेव्हा इस्त्री उभी करून ठेवलेली होती, वाफ नुसती जात होती आणि सासू टेबलाच्या कोपऱ्यावर शास्त्र उघडून वाचत होती. ओठ हलत होते. गिऱ्हाईक आलंय, असं सून म्हणाली. थांबू दे, असं उत्तर आलं. गिऱ्हाइकाला थांबवायला सासूनं आजवर सांगितलेलं सुनेला आठवेना.

"तीन वर्षं तिनं आईला हातानं धुतलं," थोरली पानावरून नजर न काढता म्हणाली. "आणि मी सगळ्यांसमोर दाखवलं की तिला जमलं नाही."

सुनेनं इस्त्रीचं बटण बंद केलं.

शनिवारी थोरली पुन्हा तीन जिने चढली. या वेळी ती आत गेली नाही. दारातच उभी राहून, बसमध्ये जुळवलेलं सगळं विसरून, ती एवढंच म्हणाली, "त्या दिवशी मी आईचे कपडे बदलले. तू घातलेले काढले. तुझ्यासमोर. ते करायला नको होतं. चुकलं माझं."

धाकटीनं साखळी हातात धरली होती.

"तो झगा कुठं आहे?"

"दुकानात. जपून ठेवलाय."

"तसाच?"

खोटं बोलायला जागा होती. थोरलीला ती दिसली.

"नाही," ती म्हणाली. "धुतला. इस्त्री केली. त्याच संध्याकाळी. हात थांबले नाहीत."

धाकटीचा चेहरा उतरला. ती रागावली असती तर थोरलीला उत्तर सुचलं असतं.

"आईचा वास होता गं त्याला," धाकटी म्हणाली. "सहा वर्षं मला वाटायचं, निदान तो तुझ्याकडे असेल."

दार लागलं. आपटलं नाही, नुसतं लागलं.

त्यानंतरच्या गुरुवारी थोरलीनं हे सगळं वर्गात सांगितलं, आणि संपवता संपवता तिचा आवाज तापला.

"गेले. कबूल केलं. खरं बोलले. आणि आधी जेवढं होतं त्याच्या दुप्पट करून आले. आधी ती रागावलेली तरी होती! हे कुठल्या वचनात लिहिलंय, सांगा मला. सर, तुम्ही सांगा."

सरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. त्यांना काही सुचलं नाही, आणि तसं त्यांनी सांगितलं. वर्गात त्यांच्याकडून हे पहिल्यांदाच आलं.

"हे बघा," नर्सबाई म्हणाल्या, "जायला सांगितलं होतं, तुम्ही गेलात. तिनं काय करायचं ते तुमच्या हातात नाही. माझ्या मते उतारा झाला."

"झालाच," नळवाले लगेच म्हणाले. "शंभर टक्के. पान उलटा."

सुनेनं पान उलटलंसुद्धा. सरांनी मान हलवली. तीन महिन्यांनी वर्ग हलणार होता.

"नाही," थोरली म्हणाली.

"काय नाही?"

"झाला नाही. समेट कर असं लिहिलंय. तो कुठं झालाय? मी आतापर्यंत नुसतं आपलं ओझं तिच्या दारात टाकून आले. पुढचं वाचायचं नाही."

"आई!"

"ताई, अहो माणसं आहोत आम्ही!" नळवाले म्हणाले. "इतके दिवस तुम्हीच म्हणत होता, घ्या पुढचा!"

"तेव्हा मी वाचलं नव्हतं."

नर्सबाईंनी डोळे मिटले. त्या प्रार्थना करत असाव्यात, किंवा दहापर्यंत मोजत असाव्यात. डोळे उघडल्यावर त्यांनी पान मागे घेतलं आणि तीच दोन वचनं मोठ्यानं वाचली. आवाजात वैताग होता आणि त्यांनी तो लपवला नाही. वर्ग आठ वाजता सुटला. कुणीही पुढच्या आठवड्यात येणार नाही असं म्हणालं नाही.

सोमवारी थोरली बसनं पुन्हा तिकडे गेली. दार उघडलं नाही. आत रेडिओ चालू होता, तो तिनं बेल वाजवल्यावर बंद झाला. ती पायरीवर थोडा वेळ बसली, तिथंच तिनं प्रार्थना केली आणि परत आली. काय मागितलं, असं सुनेनं विचारलं. सुबुद्धी, ती म्हणाली. कुणासाठी, ते सुनेनं विचारलं नाही.

मंगळवारी दुपारी दुकानाचा फोन वाजला. थोरली मागे वाफेच्या आवाजात होती. फोन सुनेनं घेतला. धाकटी होती. तिनं नाव सांगितलं नाही, पण आवाज थोरलीसारखाच आहे.

"दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं?" तिनं विचारलं.

"आठ. मावशी, आईंना बोलावू का? आहेत त्या, आतच आहेत."

"नको. नुसतं विचारलं."

फोन ठेवला गेला. सुनेनं आत जाऊन सांगितलं तेव्हा थोरलीनं तिच्यावर डाफरून घेतलं, धरून का ठेवला नाहीस फोन, दोन मिनिटं बोलता येत नाही का तुला, गिऱ्हाइकांशी तासभर बोलतेस. मग तिनं डाफरल्याबद्दल माफी मागितली, आणि सुनेला ते जास्त अवघड गेलं.

मंगळवारी आठपर्यंत कुणी आलं नाही. बुधवारी थोरली सकाळपासून आत गेलेली नाही, काउंटरवर बसून आहे, आणि आतले शर्ट सून करते आहे. आता पावणेआठ झाले आहेत. अजून कुणी आलेलं नाही.