न मावळणाऱ्या सूर्याची बोट

बोट निवडायची म्हणजे पायगोंडाअण्णांच्या लेखी बैलबाजारात खोंड निवडण्यासारखंच काम होतं. मालकाच्या गोड बोलण्याकडं कानाडोळा करायचा आणि जनावर चारी बाजूंनी बघायचं. तासगावात द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड सांभाळता सांभाळता साठी उलटलेला हा माणूस हल्ली दर दोन दिवसांनी सांगलीला एका पर्यटन कचेरीत जाऊन ठाण मांडत होता. तिथल्या वीरधवलला त्यांनी अगदी जेरीस आणलं होतं. गादी कापसाची का स्पंजची? लिफ्ट खोलीपासून किती लांब? बोट डुलली तर म्हातारीचा तोल जाणार न्हाई ना?

"मधल्या मजल्यावरची, मधोमधची खोली घ्या अण्णा," वीरधवल सांगायचा. "तिथं हेलकावं कमी."

हे अण्णांना चटकन पटलं. एस्टीच्या शेवटच्या सीटवर बसलं की टाळू छताला लागते, हे त्यांना काय नवं नव्हतं.

एवढा आटापिटा बायकोसाठी होता. काही वर्षांपूर्वी ट्रॅक्टर उलटून अण्णांची कंबर मोडली आणि ते वर्षभर अंथरुणाला खिळले. त्या वर्षी बाग राखली ती चंदनबालानं. छाटणी, फवारणी, व्यापाऱ्यांशी घासाघीस, सगळं केलं आणि वर नवऱ्याची कूसही बदलली. तोंडातून एक वाकडा शब्द काढला नाही. पुन्हा पायावर उभे राहिले तेव्हाच अण्णांनी मनाशी ठरवलं होतं, हिला एकदा राणीसारखं फिरवायचं. आयता चहा हातात मिळाला पाहिजे, गुडघ्यांना चढण नको, रोज पेटी बांधणं-सोडणं नको. मग बोटीशिवाय दुसरं काय?

पण राणीसाहेबांना एकही बोट पसंत पडेना. पहिली लय मोठी, हरवून जाईन म्हणाली. दुसरीच्या खोलीला खिडकी नव्हती. तिसरीला लिफ्ट होती, गॅलरी होती, मऊ गादी होती, तर म्हणे पाण्याचं भ्या वाटतं. शेवटी म्हणाली, "आवं, तुमी नातवाला, अतिशयला घिऊन जावा. मी ऱ्हाते घरात."

अण्णांचा पारा चढला. "सोन्याचं ताट म्होरं केलं तरी हिचं आपलं नगंच!" असं म्हणून ते तरातरा अंगणात गेले.

मागोमाग सून आली. ब्राह्मी मोजकं बोलायची, पण बोलली की नेमकं बोलायची. "अण्णा, प्रत्येक बोटीच्या कागदावर आईंनी आधी काय वाचलं माहितीये? रात्रीच्या जेवणाची वेळ. कुठं आठ, कुठं साडेआठ."

अण्णा कट्ट्यावर टेकले.

दिवस बुडाल्यावर तोंडात पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, हा नेम चंदनबालानं माहेरापासून पाळला होता. घर जैनाचं, नेम खरं तर अण्णांचाही होता, पण बागेपायी तो कधीच सुटला. ऊन उतरल्यावर फवारणी आणि अंधार पडल्यावर घर. ती बिचारी दिवस बुडायच्या आत चुलीपुढं एकटी दोन घास खायची आणि रात्री यांना गरम भाकरी वाढायची. आख्खा संसार असा झाला आणि अण्णांना त्यात कधी काही वावगं दिसलं नाही. आता परक्या लोकांत नवऱ्याच्या ताटाशेजारी तोंड मिटून बसायचं, याचा तिला संकोच वाटत होता. अण्णांना स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी कचेरीत शिरताच ते वीरधवलवर डाफरले, "दिवसच बुडत न्हाई असली बोट हाय का रं तुज्याकडं?"

वीरधवल हसला नाही. "हाय की. नॉर्वेच्या पार वरच्या अंगाला जाती. जूनमधी तिकडं सूर्य मावळतच न्हाई."

"माजी चेष्टा करतोस व्हय?"

त्यानं मोबाइलवर व्हिडिओ लावून दाखवला. घड्याळात रात्रीचे अकरा आणि समुद्रावर लख्ख ऊन! बोट लहान होती, जुनीही होती. नाचगाणी नव्हती, पोहायचा तलाव नव्हता. पण खोली मधोमध मिळत होती आणि कांदा-बटाट्याशिवाय रांधून द्यायला मुदपाकखाना तयार होता. अण्णांनी इसार दिला.

चंदनबालानं आधी बस्तीत, म्हणजे गावच्या जैन मंदिरात जाऊन उपाध्यांना विचारलं. ते म्हणाले, "सूर्य डोळ्याला दिसतोय तवर दिवसच की." तेव्हा कुठं ती गालात हसली आणि स्वेटर शोधायला लागली.

बोटीवर रात्री नऊला दोघं काचेजवळच्या टेबलाशी बसली. सूर्य पाण्यावर हातभर उंच होता. ताटात भात होता, वरण होतं, वाटाण्याची उसळ होती आणि घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी. चंदनबालानं दोनदा सूर्याकडं बघून खात्री करून घेतली. मग डोळे मिटून पहिला घास घेतला. चटणी तिनं शेवटाला ठेवली होती, पोरीसारखी. अण्णा बघतच राहिले. आपली बायको कशी जेवते, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"चंदने," ते म्हणाले, "तुज्यामुळं मी हाय. लय उपकार हायती तुजं."

"जेवा गप," ती म्हणाली. "निवाय लागलंय." पण तिचे डोळे भरून आले होते.

परत आल्यावर पहिल्याच दिवशी बागेत फवारणी होती. ढग फाटून ऊन पडलं होतं. सूर्य बांधावरच्या बाभळीला टेकताना दिसला तसा अण्णांनी ट्रॅक्टर बंद केला. "उरल्यालं सकाळी," असं गड्याला सांगून ते घराकडं निघाले. चंदनबाला नुकतीच ताटावर बसली होती. त्यांना अवेळी दारात बघून ती दचकली.

"आवं, काय झालं? कंबर दुकती का?"

"न्हाई. हितला सूर्य मावळतोय, म्हणून आलो. मलाबी वाढ."

ती गडबडीनं गरम भाकरी थापायला उठू लागली. अण्णांनी हात धरून तिला खाली बसवलं आणि स्वतः शेजारी मांडी घातली.

"बस. तुज्यातलीच अर्धी दे."

तिनं भाकरी मोडली आणि मोठा तुकडा त्यांच्याकडं सरकवला.