मास्तर आणि खालचा दोर

या मित्रांनो, अगदी जवळ सरका. टेकायला जागा नसली तरी चालेल, कान तेवढे इकडे असू द्या. एका सज्जन माणसाची गोष्ट सांगायची आहे. ती सांगताना मान मात्र माझी खाली जाणार आहे.

मी एक जुना दोर आहे. पोटात पोलादी तार, वर रबरी नळी, तिच्यावर गुंडाळलेली निळी पट्टी. कुस्तीच्या रिंगभोवती तीन दोर असतात, त्यांतला मी सगळ्यांत खालचा. ती रिंग जपानी धाटणीच्या झुंजीची. तिथे दोरावर चढून उड्या मारायच्या नसतात, आणि पाठ टेकली म्हणून कोणी हरतही नाही. सांधा असा जखडायचा, की समोरच्याने शरण यावे. अगदीच असह्य झाले तर दोराला हात लावावा. पेच सुटतो, पण प्रत्येकाला मिळालेल्या पाच गुणांतला एक जातो. मार खाऊन कोसळले तरी एक जातो. पाचही गेले की हार.

तो सज्जन माणूस म्हणजे आमचे मास्तर, याच झुंजीतले जुने गडी. ते मुलांना शिकवत, "दोर म्हणजे देवाचं दार. जीव कंठाशी आला तर खुशाल जा. पण आळसाने जाऊ नका रे!" ते ऐकून माझा ऊर भरून येई.

मास्तरांची ती अखेरची झुंज होती, तीही लाडक्या शिष्याशी. त्याला सगळे काटकुळ्या म्हणत. आज दोराला हात लावायचा नाही, असे मास्तरांनी मनाशी धरले होते. सकाळी त्यांचे मेहुणे रिंग बांधत होते. रिंगच्या फळ्यांवरची चादर ताणायला त्यांनी मला दोन आटे सैल केले आणि चहाला गेले. परत आल्यावर म्हणाले, "खालच्याकडे कोण बघतंय!" आणि मला तसेच सैल सोडले. मित्रांनो, मी साधा करकरलोही नाही. रोजच्या ताणातून सुटून मला बरे वाटत होते. तेच माझे पाप.

झुंज सुरू झाली. काटकुळ्याची लाथ मास्तरांनी काखेत पकडली आणि त्याला अलगद खाली घेतले. त्याचा हात मांड्यांत धरून ते कोपर सरळ करू लागले. पोराने दोन्ही हात एकमेकांत घट्ट गुंतवले. मास्तरांनी ओढाताण केली नाही. त्याच्या दंडावर टाच टेकवून पकड हळूहळू उकलली, घट्ट बसलेले डब्याचे झाकण उघडावे तशी.

"अहो, जोर लावा की!" पुढच्या रांगेतून कोणी ओरडले.

"जोर तुमच्या घशातच राहू द्या," मास्तरांची बायको म्हणाली. "त्यांची टाच कुठे आहे ते बघा."

पण पोरगाही तयारीचा होता, कोपर सरळ व्हायच्या आत निसटून उभा राहिला. त्याच्या लाथांनी मास्तर चारदा कोसळले, चार गुण गेले. दोराकडे मात्र त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. शेवटी पोराने त्यांची टाच कोपराच्या वळात अडकवून पिळली. या पेचात दुखायच्या आधीच गुडघा फाटतो. घाबरून उलटे ओढायचे नसते, पिळाच्याच दिशेने लोळायचे असते. मास्तर एकदा लोळले, पकड ढिली झाली. दुसऱ्यांदा लोळले, टाच निसटली, आणि त्याच क्षणी रिंग हादरून लोंबकळणारा मी त्यांच्या मनगटावर पडलो.

"दोर!" पंच ओरडले. शेवटचा गुण गेला. घंटा वाजली.

"लटकले की मास्तर शेवटी दोराला!" कोणीतरी हसले.

काटकुळ्या कुजबुजला, "मास्तर, टाच तर सुटली होती."

"पंचांनी पाहिलं ते खरं. ऊठ, तुझा हात वर करू दे मला."

सभागृह रिकामे झाल्यावर मास्तर लंगडत आले. त्यांनी मला अंगठ्याने दाबले. मी चार बोटे खाली गेलो. मागे उभ्या असलेल्या मेहुण्यांनी ते पाहिले.

"दाजी, शिव्या द्या, पण बोला काहीतरी."

"काय बोलू? पाना आण. उद्या पोरं सरावाला येतील, एखाद्याचा हात अडकायचा."

त्यांनी स्वतःच्या हाताने मला दोन आटे आवळले. तो ताण अजून माझ्या तारेत आहे.

आता मी सामानाच्या खोलीत वेटोळे होऊन पडलो आहे. पट्टी उलगडली आहे. येणारेजाणारे बोट दाखवतात, "हाच तो, मास्तरांनी धरलेला दोर." त्यांना ऐकू जाईल असे तोंड मला असते तर! मेहुण्यांना आहे, पण तेही खाली बघतात.

मित्रांनो, खेळण्याआधी खालचा दोर एकदा दाबून बघत जा. आणि कुठे मास्तरांचा विषय निघाला, तर माझ्यासाठी एवढे आठवा: त्यांनी मला धरले नव्हते. मीच त्यांच्यावर पडलो होतो.