हॉलमध्ये बायका बसत नाहीत

माझे सासरे, चिमाजी, दर रविवारी बारकूशेठकडे मिसळ खायला जायचे. नाशिकजवळ, मखमलाबादच्या वाटेला आमचा फुलांचा मळा आहे. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. अंधार असतानाच सासूबाई फुलं तोडायला लागायच्या. लग्न होऊन आल्यावर मीही त्यांच्याबरोबर. आम्ही पाट्या भरायच्या, सासऱ्यांनी त्या टेम्पोत घालून गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, फुलबाजारात न्यायच्या, आणि माल विकला गेला की पंचवटीत बारकूशेठच्या हॉटेलात मित्रांबरोबर बसायचं, असा त्यांचा रविवार.

घरी आले की चपला काढता काढता मिसळीचं वर्णन सुरू व्हायचं. आज रस्सा कसा झणझणीत होता, तर्री कशी वर तरंगत होती, पुंजाभाऊंनी किती पाव खाल्ले. सासूबाई चुलीपुढे भाकरी थापत ऐकायच्या. एकदा माझ्यासमोरच त्या म्हणाल्या, "आमाला बी न्या की एकदा."

"तिथं बाया नसतात," सासरे म्हणाले. रागावून नाही. विहिरीत मगर नसते असं सांगावं, तसं.

"मग बांधून तरी आना."

"पार्सलात काय मजा? गरम रस्सा मागून मागून घ्यायचा, तीच तर गंमत आहे."

म्हणजे गंमत कशात आहे हेही आम्हाला सांगायचं, आणि ती आमच्यासाठी नाही हेही सांगायचं. मी नवीन होते, गप्प बसले. सासूबाईंनी पुढची भाकरी थापायला घेतली.

सत्त्याण्णव साली सासरे हृदयविकारानं गेले. तेराव्याला त्यांचे सगळे रविवारचे मित्र आले होते. पुंजाभाऊ सगळ्यात जवळचे. त्यांनी डोळे पुसत सासूबाईंसमोर हात जोडले. "वहिनी, चिमाजी नसला तरी आम्ही आहोत. काही लागलं तर हक्कानं सांगा."

माझा नवरा ज्ञानेश अंबडच्या कंपनीत शिफ्टला जायचा. त्यामुळे बाजारात माल नेण्याचं काम आम्हा सासूसुनांवर आलं. सुरुवातीला व्यापाऱ्यांनी आम्हाला हलक्यात घेतलं, पण सासूबाईंची जीभ धारदार आहे. वर्षभरात त्यांना कुणी 'मावशी, बाजूला व्हा' म्हणेनासं झालं.

वर्षश्राद्ध झालं आणि पुढच्या एका रविवारी, पाट्या रिकाम्या झाल्यावर, सासूबाईंनी पदर झटकला आणि म्हणाल्या, "चल, मिसळ खाऊ."

"कुठे?"

"कुठं म्हंजे? बारकूशेठकडं. इतकी वर्सं नुसतं ऐकलं. बघू तरी काय हाय ते."

मला हसूही आलं आणि भीतीही वाटली. आम्ही दोघी चालत गेलो. हॉटेल भरलेलं होतं, पण दाराजवळचं एक टेबल नुकतंच रिकामं झालं होतं. आम्ही बसणार इतक्यात वेटर आडवा आला. "ताई, वर. फॅमिली रूम वर आहे."

जिन्याजवळच्या भिंतीवर बाण काढून 'फॅमिली रूम' असं लिहिलेलं होतं. आम्ही वर गेलो. खोलीत मळकट हिरवे पडदे, त्यांच्या आड तीन टेबलं. एका कोपऱ्यात बेसनाची पोती, दुसऱ्यात गॅसची रिकामी सिलिंडरं. पंखा होता, पण त्याला एकच पातं उरलं होतं. खालून माणसांचा गलबला आणि फोडणीचा वास येत होता. वर आमच्याशिवाय कुणीच नव्हतं.

मिसळ आली. खरंच चांगली होती. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि मान हलवली. "खोटं नवतं बोलत," त्या म्हणाल्या. एवढंच. रस्सा संपला. खाली "रस्सा, रस्सा" अशी आरोळी सारखी ऐकू येत होती. पोऱ्या रश्शाचा जग घेऊन टेबलाटेबलाशी फिरत असणार. वर कुणी आलं नाही. मी जिन्यापाशी जाऊन दोनदा हाक मारली. "आलो ताई!" असं उत्तर आलं, माणूस आला नाही. अर्धा पाव हातात धरून आम्ही कोरड्या वाटीकडे बघत बसलो.

सासूबाई उठल्या. आपली वाटी घेतली, मला म्हणाल्या, "तुझी बी घे," आणि जिना उतरायला लागल्या.

आम्ही वाट्या घेऊन हॉलमध्ये उभ्या राहिलो तेव्हा आवाज एकदम कमी झाला. बारकूशेठ गल्ल्यावर बसले होते. गोरेपान, कपाळाला अष्टगंध, बोलायला गोड.

"काय झालं ताई? वर देतो ना पाठवून."

"वर कुनी येत नाय. आमी हितंच बसतो," सासूबाई म्हणाल्या.

"हॉलमध्ये बायका बसत नाहीत."

"का?"

बारकूशेठना हा प्रश्न आजवर कुणी विचारला नसावा.  "म्हणजे, जेन्ट्स लोकांना संकोच होतो."

"संकोच त्यांना होतो, तर त्यांना वर पाठवा."

कोपऱ्यातून कुणीतरी हसलं. तिकडे बघितलं, सासऱ्यांचं नेहमीचं टेबल तेच असणार. पुंजाभाऊ आणि बाकीचे मित्र तिथेच बसले होते. म्हणजे आम्ही आलो तेव्हाही बसलेलेच असणार. आम्हाला जिना चढतानाही त्यांनी बघितलं असणार. आता मात्र सगळे मान खाली घालून मिसळीत पाव बुडवत होते. तेराव्याला रडलेली हीच माणसं.

सासूबाई थेट त्यांच्या टेबलाशी गेल्या. "पुंजाभाऊ."

पुंजाभाऊंना मान वर करावीच लागली. "अहो वहिनी! तुम्ही इथं? निरोप दिला असता तर घरी पार्सल पाठवलं असतं."

"तुमी म्हनला व्हता, काही लागलं तर सांगा. रस्सा लागतोय."

पुंजाभाऊंचा चेहरा लाल झाला. ते हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, इथं बरं दिसत नाही. चार लोक बघतायत. चिमाजीच्या नावाचा तरी विचार करा."

"ते इतकी वर्सं हितं बसले, त्यांचं नाव गेलं नाय. मी एकदा बसले तर कसं जाईल?"

 दाराजवळचं ते टेबल पुन्हा रिकामं झालं होतं. सासूबाई वळल्या आणि तिथे जाऊन बसल्या. मी त्यांच्या समोर बसले.  खरं सांगते, मला पुंजाभाऊंच्या टेबलावरचं सगळं उधळून द्यावंसं वाटत होतं.

आम्हाला कुणी काही वाढलं नाही. बारकूशेठनी वेटरला डोळ्यानं खूण केली होती ती मी बघितली. दाराबाहेर माणसं जागेसाठी उभी होती आणि आम्ही रिकाम्या वाट्या घेऊन बसलो होतो. मग आतून बारकूशेठची बायको आली. अक्काबाई. पदराला मसाल्याचे डाग, बोटं हळदीनं पिवळी. सगळं गाव ज्या मसाल्याची तारीफ करतं तो ही बाई करते, हे तिच्याकडे बघूनच कळत होतं. मला वाटलं, आता ही तरी आमच्या बाजूनं बोलेल.

ती वाकून म्हणाली, "बाई, उगाच तमाशा कशाला? मी इथली मालकीण. मी तरी कधी बसले का या हॉलमध्ये?"

"का नाय बसल्या?" सासूबाईंनी विचारलं. त्यांनी ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं.

अक्काबाईनं पिवळी बोटं पदराला पुसली. मग आत निघून गेली.

सासूबाईंनी इकडेतिकडे बघितलं. गल्ल्याशेजारच्या स्टुलावर रश्शाचा भरलेला जग ठेवला होता, वाफ येत होती. त्या उठल्या, जग उचलला आणि टेबलाकडे परत यायला निघाल्या.

आणि तेव्हा जे झालं त्याचा संताप मला आजही आवरत नाही. सासूबाई वाटेतल्या टेबलाजवळून जात होत्या, तर तिथल्या माणसानं त्यांच्याकडे न बघताच आपली वाटी पुढे केली. पलीकडच्यानंही केली. तिसरा म्हणाला, "मावशी, इकडं पण, तर्री जास्त." आत्तापर्यंत जी बाई हॉलमध्ये खपत नव्हती, तिच्या हातात जग येताच सगळ्यांचा संकोच पळाला होता.

सासूबाई थांबल्या. त्यांनी जग त्या टेबलावर असा आपटला की रस्सा उडून त्या माणसाच्या शर्टावर पडला.

"वाढनारी बाई चालती व्हय तुमाला? खानारीच चालत नाय?" त्या एवढ्या मोठ्यानं बोलल्या की रस्त्यावरची माणसं थांबली. "जलमभर वाढलंच की तुमाला! घरी वाढलं, मळ्यात डबा आनून वाढलं, लग्नाकार्यात पंगतीला वाढलं. आज माझी मी खायला आले, तर तुमच्या डोळ्यांत खुपतंय!"

 त्यांनी जग परत उचलला, आमच्या दोन्ही वाट्या भरल्या आणि आम्ही खाल्लं. घाईघाईनं नाही. पाव संपेपर्यंत. गल्ल्यावर पैसे ठेवले आणि निघालो.

आम्ही घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. ज्ञानेश अंगणात येरझारा घालत होता. "आई, मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस," तो म्हणाला. "पुंजाकाका येऊन गेले. आणि रूपाली, तू तरी अडवायचं होतंस."

"मी कशाला अडवू? मलाही भूक लागली होती," मी म्हटलं. लग्नानंतर मी त्याला दिलेलं ते पहिलं उलट उत्तर.

सासूबाई पाय धुवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पुंजा रस्सा द्यायला उठला नाय. चुगली करायला बरा उठला."

पुढच्या रविवारी त्या बाजारात आमच्या शेजारी फुलं विकणाऱ्या भागीबाईलाही बरोबर घेऊन गेल्या. दारात नवीकोरी पाटी होती. रंग अजून ओला वाटत होता. सासूबाईंना वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवली: 'हॉल फक्त पुरुषांसाठी. महिलांची सोय वरच्या मजल्यावर.' इतकी वर्षं जे नुसतं तोंडी चाललं होतं, ते आमच्यामुळे भिंतीवर आलं. तरी आम्ही आत गेलो. बारकूशेठ हात जोडून गोड हसले. "ताई, माफ करा, मिसळ संपली." त्यांच्या मागे पातेलं रटरटत होतं आणि आमच्या डोळ्यांदेखत पोऱ्या दोन प्लेटा भरून घेऊन गेला. भागीबाईनं तिथेच त्यांना अशा काही शिव्या दिल्या की त्या मला इथे लिहिता येणार नाहीत. पण मिसळ काही मिळाली नाही. पुढे आम्ही भूक लागली की गाडीवरचे वडे खाऊ लागलो, उभ्यानं.

बरीच वर्षं गेली. दोन हजार सहाच्या सुमारास वायनरी बघायला मुंबईच्या गाड्या नाशकात यायला लागल्या. रविवारी त्या बारकूशेठच्या दारातही थांबायच्या. त्यांतून जीन्स घातलेल्या मुली उतरायच्या, केस मोकळे, डोळ्यांना गॉगल. त्यांना कुणी जिना दाखवला नाही. मी बाजारातून येताना स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, बारकूशेठ खांद्यावरच्या फडक्यानं त्यांच्या खुर्च्या पुसत होते. पाटी गेली होती. तिच्या जागी 'फॅमिली मिसळ' असा विजेचा बोर्ड लागला होता.

मला त्या मुलींचा राग आला नाही. त्या बिचाऱ्या भूक लागली म्हणून आल्या होत्या, आमच्यासारख्याच. पण आमच्यासाठी जे आठ वर्षं उघडलं नाही, ते एका गाडीच्या हॉर्नबरोबर उघडलं होतं.

मी घरी सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मग जाऊ की."

आम्ही गेलो. "या या काकू, बसा, पंख्याखाली बसा," बारकूशेठ म्हणाले. त्यांनी आम्हाला ओळखलं नाही, की ओळख दाखवली नाही, कोण जाणे. सासूबाईंनी रस्सा मागून मागून घेतला. आमचं खाणं चालू असतानाच गावातल्या एका केबल चॅनेलची माणसं कॅमेरा घेऊन आली. नाशिकच्या मिसळीवर काहीतरी करत होती. बारकूशेठ माइकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्याकडे पहिल्यापासून फॅमिली वातावरण. महिलांचा मान हीच आमची परंपरा."

सासूबाईंच्या हातातला घास हातातच राहिला. "खोटं बोलतोय तो!" त्या बसल्या जागेवरून ओरडल्या. "बाईला हितं बसू देत नवता! पाटी लावली व्हती यानं! मला इचारा!"

कॅमेरावाल्यानं कॅमेरा आमच्याकडे वळवला. सासूबाईंनी त्याला सगळं सांगितलं. जिना, पोती, रस्सा, जग, सगळं. माइकवाली मुलगी मान डोलावत होती. बारकूशेठ कसनुसं हसत बाजूला उभे होते. मला वाटलं, चला, इतक्या वर्षांनी का होईना, चार माणसांत खरं बोललं गेलं.

संध्याकाळी आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो. ज्ञानेशही बसला. बारकूशेठ आले, त्यांचं वाक्य आलं, आणि 'महिलांचा मान' हे शब्द चालू असताना पडद्यावर सासूबाई दिसल्या. पाव रश्शात बुडवून समाधानानं खाताना. त्यांचं बोलणं कुठेच नव्हतं.

 सासूबाईंनी विचारलं, "हे परत दाखवत्याल?"

"उद्या सकाळी," ज्ञानेश म्हणाला.

त्या लगेच उठल्या, पायात चपला घातल्या आणि मला घेऊन त्या चॅनेलच्या ऑफिसात गेल्या. तिथला माणूस म्हणाला, वेळ कमी असतो, कापावं लागतं. सासूबाईंनी टेबलावर हात आपटला. माझं बोलणं दाखवायचं नसेल तर माझं तोंड बी दाखवू नको, म्हणाल्या. तो घाबरून हो म्हणाला.

सकाळी कार्यक्रम पुन्हा लागला, तेव्हा त्यानं शब्द पाळला होता. सासूबाईंना काढलं होतं. बारकूशेठ मात्र तेच सगळं पुन्हा बोलले, जसंच्या तसं.