बाबांच्या वाडग्यातला भात

सोल्हाच्या बाबांच्या श्राद्धाला ओक्पुन आजी कोरियन रिवाजाप्रमाणे भाताच्या वाडग्यात चमचा उभा खोचायची आणि लेकाला निवांत जेवता यावं म्हणून सगळ्यांना बाहेर काढून दार लोटायची. चार वर्षांची सोल्हा फटीतून डोकावून म्हणायची, “बाबा जेवतायत!” सातव्या वर्षी मात्र तिने वाडगा निरखला. “आजी, भात तेवढाच आहे. बाबा उपाशी गेले?” आणि रडरड रडली.

पुढच्या वर्षापासून आजी उदबत्ती बघायच्या निमित्ताने आत जायची. पितरांनो, रागावू नका, म्हणत दोन घास खायची. लेकरू हसायचं.

यंदा सोल्हा बारा वर्षांची झाली होती. आजीचे गुडघे धरले, उठवेना.

“बस गं म्हातारे, उदबत्ती मी बघते,” म्हणत सोल्हाच आत जाऊन आली.

दार उघडलं तर भातात खळगा! आजीचं काळीज उसळलं. माझा लेक, माझा ह्योन्सू खरंच आला! मग नातीच्या हनुवटीला चिकटलेलं शीत तिला दिसलं.

“जेवले गं बाबा,” सोल्हा नजर चुकवत म्हणाली.

“हो गं बाई, जेवला.”

ह्योन्सू खरंच जेवायला येईल म्हणून वाट पाहणारं त्या घरात आता कुणी उरलं नव्हतं.